अन्ननलिकेची ॲलर्जी: मोसम बघायचा की नुसतं ताट?

परागवेडा
इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणजे ॲलर्जीतून अन्ननलिकेला येणारी सूज. घास छातीत अडकतो. निदान झालं की संशय पहिल्यांदा दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे-सुकामेवा आणि मासे यांच्यावर जातो, मग ते बंद. माझं म्हणणं, ताटाला हात घालण्याआधी मोसम बघा. २००३ मध्ये एका तरुणीची केस प्रसिद्ध झाली. तिला दमा आणि नाकाची ॲलर्जीही होती. परागकणांच्या मोसमात तिचा त्रास वाढायचा, आणि बायॉप्सीतल्या, म्हणजे अन्ननलिकेतून तपासायला काढलेल्या तुकड्यातल्या, इओसिनोफिल पेशीही (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याबरोबर वाढायच्या. त्याआधी २००१ मध्ये उंदरांना नाकावाटे ॲस्परजिलस बुरशीचा अर्क दिला, तर अन्ननलिका सुजली. तोंडावाटे दिला तर काही नाही!

दुर्बीण
एक केस आणि काही उंदीर, एवढ्यावर धागा? २०१५ मध्ये हाती असलेले अभ्यास एकत्र करून मेटा-ॲनालिसिस झालं. निदान कोणत्या ऋतूत झालं आणि त्रास पुन्हा कधी उसळला, दोन्ही तपासलं. ऋतूऋतूंत लक्षणीय फरक निघाला नाही. विषय संपला.

परागवेडा
एवढ्यात नाही संपत. निदानाची तारीख म्हणजे एंडोस्कोपीची, घशातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीची तारीख. रोग त्याआधी कित्येक वर्षं मुरलेला असतो. शिवाय एकाला झाडांचे पराग बाधतात, दुसऱ्याला गवताचे, तिसऱ्याला तणाचे. तिघांचे मोसम वेगळे. सगळ्यांची सरासरी काढली तर आलेख सपाटच दिसणार.

दुर्बीण
वा! म्हणजे आकडे जुळले तर पुरावा, नाही जुळले तर सरासरीचा दोष. तुमचं म्हणणं खोटं ठरायचं तरी कसं?
आणि खरा धोका वेगळाच आहे. 'मोसमी आहे, जाईल' म्हणून लोक थांबतात. हे रुग्ण जेवताना पाहिलेत कधी? घास बारीक करतात, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, कोरडा पाव आणि मांस टाळतात, पानावरून सगळ्यात शेवटी उठतात. आणि विचारलं तर 'काही त्रास नाही'. आत सूज तशीच असते, वर्षानुवर्षं राहिली तर नळी अरुंद होते. लक्षणांवरून मोसम ठरवणार कसा?

काचपट्टी
दुर्बीण यांचा शेवटचा मुद्दा मान्य, पण तो उलटाही फिरतो. लक्षणांवर भरवसा नाही म्हणून तर आपण पेशी मोजतो. सूक्ष्मदर्शकातून खूप मोठं करून दिसणाऱ्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल, ही निदानाची रेघ. आता असं समजा की एका मुलाचं दूध बंद असताना परागविरहित महिन्यात बायॉप्सी केली, स्वच्छ आली. दूध पुन्हा सुरू केलं, पुढची बायॉप्सी ऐन मोसमात पडली आणि पेशी वाढल्या. दोष कोणाचा? रिपोर्टवर तर दुधाचंच नाव लागणार. मग ते मूल कायमचं दुधाविना. मोसम सगळ्यांना लागू नसेलही, पण ज्याला नाक-डोळ्यांची मोसमी ॲलर्जी आहे त्याच्या दोन बायॉप्सींची तुलना करताना तारखा बघायला काय जातं?

दुर्बीण
ही गोष्ट वेगळी, आणि पटण्यासारखी. पण धाग्याचा दावा हा नव्हता.

परागवेडा
होताच, जरा मोठ्या आवाजात. आणखी एक: पराग नाकातच राहत नाहीत, गिळलेही जातात. परागांच्या ॲलर्जीवर उपचार म्हणून जिभेखाली परागांच्याच अर्काचे थेंब घेणाऱ्या काही रुग्णांना हाच रोग झाल्याच्या नोंदी आहेत.

दुर्बीण
थेंबांतला रोजचा डोस आणि हवेतले कण एकच कसे?

सायलीची_आई
लेकीची पुढची एंडोस्कोपी नेमकी पराग असतात तेव्हाच आहे, गहू पुन्हा सुरू केल्यानंतरची. पुढे ढकलू का?

दुर्बीण
स्वतःहून ढकलू नका, औषध तर अजिबात बंद करू नका. तारीख देणाऱ्यांना विचारा.

काचपट्टी
विचारताना मागची बायॉप्सी कोणत्या महिन्यातली होती आणि तेव्हा तिचं नाक वाहत होतं का, हे सांगा. फॉर्मवर ही नोंद बहुतेकदा नसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बायॉप्सीची काच बघणाऱ्याला ती कोणी सांगत नाही.