मदत हवी आहे: एरेसुंड पुलाच्या प्रतिकृतीतील केबलींविषयी

नमस्कार. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी आमचे विद्यार्थी स्वीडनमधील माल्मो आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन यांना जोडणाऱ्या एरेसुंड पुलाची प्रतिकृती तयार करत आहेत. २००० साली खुल्या झालेल्या या ७,८४५ मीटर लांबीच्या पुलावर वरच्या मजल्यावर चारपदरी रस्ता आणि खालच्या मजल्यावर पोलादी ट्रसच्या (त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्याच्या) आत दोन रेल्वेमार्ग आहेत. पुढे पेबरहोल्म या कृत्रिम बेटावर तो बोगद्यात उतरतो, कारण कोपनहेगनच्या विमानतळाजवळ उंच मनोरे चालले नसते. मुलांना हीच गोष्ट सर्वांत आवडली आहे.

अडचण प्रतिकृतीतील मुख्य गाळ्याची, म्हणजे दोन मनोऱ्यांमधील भागाची आहे (खऱ्या पुलात तो ४९० मीटरचा आहे). मनोऱ्यांपासून समांतर उतरणाऱ्या केबलींसाठी आम्ही येथील चादरीच्या मागावरचे सूत वापरले, परंतु खेळण्यातील रेल्वे गाळ्याच्या मध्यावर येताच ते ताणले जाऊन पूल वाकतो. सुताऐवजी बारीक तार वापरावी, की खालचा ट्रस अधिक ताठ करावा? तसेच सगळ्या केबलींचा ताण सारखा कसा राखावा? पूल-बांधणीचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.