एएफएमने (अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, अतिसूक्ष्म बल मोजणारं यंत्र) जिवंत पेशीचं चिकटण्याचं बल मोजताना आकडे स्थिर राहत नाहीत

पेशीजाल:
फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) लावलेल्या काचेला फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) किती बलाने चिकटतात, ते एकेक पेशी उचलून मोजायचं आहे. कँटिलिव्हर (बल लागलं की वाकणारी बारीक पट्टी) बिनटोकाचा, म्हणजे खाली सुई नसलेला, आयताकृती, २०० मायक्रॉन लांब, कडकपणा ०.०६ न्यूटन प्रति मीटर. त्यावर पेशी पकडून ठेवणारं प्रथिन, कोनकॅनाव्हॅलिन ए. पेशी ट्रिप्सिनने (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) सोडवलेल्या. दाब १ नॅनोन्यूटन, खेचण्याचा वेग ५ मायक्रॉन प्रति सेकंद, पल्ला १५ मायक्रॉन. ५ सेकंद टेकवली तर कर्व्ह (अंतरानुसार बलाचा आलेख) बेसलाइनला, म्हणजे शून्य बलाच्या रेषेला, परत येतच नाही. ६० सेकंद टेकवली तर पेशी काचेवरच राहते. शिवाय एकाच पेशीचे लागोपाठचे आकडे उतरत जातात. आधी कशाला हात घालू?

सूक्ष्मबल:
आधी पल्ला वाढवा. पेशी सुटताना तिच्या पटलाचे बारीक धागे (टेदर) ओढले जातात आणि ते कित्येक दहा मायक्रॉन लांबतात. १५ मायक्रॉनवर खेचणं थांबलं तेव्हा पेशी पूर्ण सुटलेलीच नव्हती. त्या जागेला शून्य धरलं की कमाल बल कमी दिसतं आणि कर्व्हखालचं क्षेत्रफळ, म्हणजे सोडवायला लागलेलं कार्य, तर निरर्थक ठरतं. ८० ते १०० मायक्रॉन खेचणारा वेगळा पिएझो (विजेने सूक्ष्म अंतर हलवणारा भाग) लागतोच, नेहमीच्या स्कॅनरवर हे जमत नाही. शेवटचा धागा तुटल्यानंतरचा सपाट भाग हाच शून्य. द्रवाचा विरोधही त्यातच वजा होतो, मात्र वेग सगळीकडे एकच ठेवा.

पेशी काचेवर राहते कारण ६० सेकंदांत इंटेग्रिनचे (फायब्रोनेक्टिनला धरणारे पेशीवरचे रिसेप्टर) बंध कँटिलिव्हरकडच्या पकडीपेक्षा मजबूत होतात. पेशी उचलल्यावर किमान १० मिनिटं द्रवात अधांतरी ठेवा, तेवढ्यात ती पकड घट्ट होते. तरीही निसटली तर टेकवण्याची वेळ २० सेकंदांच्या आत आणा. निसटलेले कर्व्ह सरासरीत घेऊ नका. तिथे पेशी आणि कँटिलिव्हर यांच्यातलं बल मोजलं गेलेलं असतं.

आकडे उतरतात ते विश्रांती न मिळाल्यामुळे. पेशी जितका वेळ टेकवली, निदान तितका वेळ दोन कर्व्हच्या मध्ये द्या. फुगे आलेली पेशी टाकून द्या.

द्रवमापी:
ट्रिप्सिनकडेही बघा. ते पृष्ठभागावरचे रिसेप्टर छाटतं. सोडवल्यावर ३० ते ६० मिनिटं सीरमयुक्त माध्यमात सावरू द्या, मग सीरम धुऊन काढा, कारण सीरममध्येच फायब्रोनेक्टिन असतं. इन्क्युबेटरबाहेर बायकार्बोनेटचं माध्यम काही वेळात अल्कधर्मी होतं. २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) घाला.

पेशीजाल:
पेशी नेमकी कँटिलिव्हरच्या टोकाशी बसत नाही, १०–२० मायक्रॉन आत बसते. चालेल का?

सूक्ष्मबल:
नाही. यंत्र कँटिलिव्हरचा उतार मोजतं आणि कॅलिब्रेशन टोकाशी झालेलं असतं. पेशी २० मायक्रॉन आत असेल तर मुळापासूनच्या अंतराचं गुणोत्तर १८०/२००, म्हणजे ०.९, त्याचा वर्ग ०.८१. खरं बल १० नॅनोन्यूटन असताना यंत्र ८.१ दाखवेल. प्रत्येक पेशीचा फोटो घेऊन दुरुस्ती करा किंवा पुन्हा उचला. संवेदनशीलता (कँटिलिव्हर किती वाकला की यंत्र किती संकेत देतं) स्वच्छ काचेवर, त्याच द्रवात, पेशी पकडण्याआधी मोजा. कँटिलिव्हरचा स्प्रिंग स्थिरांक थर्मल नॉइजने (उष्णतेमुळे होणाऱ्या त्याच्या थरथरीवरून) काढा. नंतर कँटिलिव्हरचं वाकणं टिपणारा लेझर हलवला तर सगळं पुन्हा. सोन्याचा थर असलेला कँटिलिव्हर तापमानाबरोबर वाकतो. ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास थांबून मगच सुरू करा.

द्रवमापी:
नियंत्रण (तुलनेसाठीचं मोजमाप) एकाच डिशमध्ये ठेवा: अर्धी काच फायब्रोनेक्टिनची, अर्धी बीएसएची (इंटेग्रिन ज्याला धरत नाही ते अल्ब्युमिन प्रथिन), आणि तीच पेशी दोन्हीकडे टेकवा. दोन्हीकडे बल सारखंच निघालं तर ते इंटेग्रिनचं नाही. मग ५ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घालून बघा. इंटेग्रिनला मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागतं, म्हणून बल पडायला हवं. आकडेवारीत एकक पेशी धरा, कर्व्ह नाही. एका पेशीचे पाच कर्व्ह म्हणजे पाच नमुने नव्हेत.