ऑस्कर माशाच्या टँकमध्ये दुसरा मासा सोडावा का?

चौफुटी: माझा ऑस्कर सव्वा वर्षाचा, ९ इंचांचा. टँक ४ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे जेमतेम २५० लिटर. गेल्या रविवारी दुकानदाराच्या भरवशावर ब्लड पॅरट जातीचा मासा आणला. "दोघं एकाच मापाचे, काही करणार नाहीत," असं तो म्हणाला. बुधवारी सकाळी पॅरट हीटरच्या मागे अंग चोरून उभा होता. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, कुशीवरचे खवले उडून पांढरा चट्टा पडलेला. आता तो बादलीत आहे, एअर पंप लावून. माप जुळलं म्हणजे जोडी जुळली, हे साफ चूक आहे. पॅरटचं तोंड नीट मिटतच नाही. ऑस्करने धरलं तर तो उलट चावणार कशाने? माझं मत पक्कं झालंय. एवढ्या टँकमध्ये ऑस्कर एकटाच ठेवावा.

रात्रपाळी: दादा, पॅरटचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. माझा टँक ६ बाय २ बाय २ चा. त्यात एक ऑस्कर आणि ६ सिल्व्हर डॉलर मासे ४ वर्षं सुखाने नांदताहेत. डॉलर उंच आणि चपटा, ऑस्करच्या तोंडात मावत नाही, शिवाय चपळ. दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, त्यामुळे पाणीही एकच चालतं. ते बिनधास्त फिरत असले की ऑस्करही कोपरा सोडून पुढे येतो. तुमची चूक क्रमात झाली. सव्वा वर्ष तो टँक त्याच्या एकट्याचा होता, त्यात तुम्ही पाहुणा सोडलात. आधी लाकूड-दगड हलवून सगळी मांडणी मोडायची, मग दिवे बंद करून नवा मासा सोडायचा.

चौफुटी: ताई, तुमच्या टँकमध्ये माझ्या अडीचपटीहून जास्त पाणी आहे. डॉलरही तळहाताएवढे होतात, आणि ते कळपानेच ठेवावे लागतात. माझ्याकडे ते पळणार कुठे? मांडणी बदलून चार दिवस शांतता मिळेल, जागा वाढणार नाही.

मालावीकर: मला दोघांचंही पटत नाही. मी आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले म्बूना मासे ठेवतो. ४ फुटांत २०. दोन-चारच ठेवले तर दांडगा मासा एकालाच धरून मारत बसतो. २० असले की मार वाटला जातो आणि कुणीच मरत नाही. तुम्ही एकटा पॅरट सोडलात, सगळा राग त्याच्यावर निघाला. ५-६ सोडून बघा.

रात्रपाळी: हा सल्ला कृपा करून कुणी ऐकू नका. म्बूना ४-५ इंचांचा, ऑस्कर फूटभर होणारा. तो खातो किती, घाण किती करतो! २५० लिटरमध्ये अजून ६ मासे घातले तर मारामारीच्या आधी त्या घाणीतून होणारा विषारी अमोनियाच सगळ्यांना संपवेल. आणि कुणी ऑस्करसोबत म्बूनाच सोडायला जाईल म्हणून सांगते, मालावीचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त, पीएच ८ च्या आसपास. ऑस्करला मऊ पाणी मानवतं.

हौदवाला: मी फ्लॉवरहॉर्न पाळतो. हा निसर्गातला मासाच नाही, १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला. त्याच्या बाबतीत वाद नको, एकटाच ठेवायचा. मी "सकर मासा तरी चालेल, तो काच साफ करतो" म्हणून एक सोडला होता. दिवसा फ्लॉवरहॉर्न त्याला टोचायचा, आणि रात्री सकर त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडायचा. दोघांनाही जखमा. ऑस्करवाल्यांनीही सकर डोळे झाकून आणू नये. आणि खाऊ म्हणून गोल्डफिश सोडणाऱ्यांनो, थांबा. रोग घरात येतो आणि ब१ जीवनसत्त्वही कमी पडतं.

मालावीकर: अमोनियाचा मुद्दा मान्य. मी फिल्टर दुप्पट ताकदीचा लावतो आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतो, हे आधीच लिहायला हवं होतं. पण मार वाटला जातो हे मी रोज डोळ्यांनी बघतो, त्यावरून मागे हटणार नाही.

रात्रपाळी: म्बूनापुरतं खरं आहे. चौफुटीदादा, तुमच्या टँकमध्ये एकटाच ठेवा, तिथे मी माघार घेते. पण "ऑस्कर एकटाच" हा सरसकट नियम करू नका, मोठा टँक असलेली माणसंही हे वाचतात. पॅरट कसा आहे?

चौफुटी: मी २५० लिटरपुरतंच बोललो होतो, ते तसंच राहू द्या. पॅरटला भावाच्या रिकाम्या टँकमध्ये हलवलंय. शेपटीच्या कडेला पारदर्शक नवी झालर फुटतेय. आज सकाळी तीन दाणे खाल्ले, चौथा तोंडातून बाहेर टाकला.