शब्दचर्चा : औषध मातीत ‘मुरतं’, ‘शोषलं जातं’ की ‘चिकटतं’?

बागायतदार_देवगड : हापूसच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड मारतात. खाली पडलेलं औषध विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचण्याआधी मातीत अडकतं, त्याला काय म्हणावं? शेतकऱ्यांसाठी पत्रक करतोय.

मातीपरीक्षक : मुरतं ते पाणी. ‘शोषण’ही नको, त्यात आत ओढून घेणं आलं. इथे रेणू कणाच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून ‘अधिशोषण’. ‘पृष्ठशोषण’ही चालतं. पत्रकात मात्र सरळ ‘मातीला चिकटणं’ लिहा.

भूजलवाला : ‘चिकटणं’ला हरकत नाही, पण ते कायमचं नव्हे हे लिहाच. वरून स्वच्छ पाणी आलं की काही भाग सुटतो आणि खाली सरकतो. मातीवर किती नि पाण्यात किती, हे ‘वितरण गुणांक’ सांगतो. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा तो मुख्यतः सेंद्रिय कर्बावर ठरतो. समजा कर्बाच्या हिशेबाने गुणांक 200 लिटर प्रति किलो. वरच्या मातीत कर्ब 2 टक्के, म्हणजे मातीचा गुणांक 200 चे 2 टक्के, 4. खालच्या थरात 0.4 टक्के, म्हणजे जेमतेम 0.8. मातीची घनता 1.4 किलो प्रति लिटर आणि दर लिटर मातीत पाणी 0.35 लिटर धरलं, तर (1 + घनता × गुणांक ÷ पाणी) वर औषध पाण्याच्या 17 पट सावकाश उतरतं, खाली फक्त चारेक पट. भूजलाच्या वरचा थर जाड आहे म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी.

बागायतदार_देवगड : पण जांभ्यात लोह भरपूर. ते धरणार नाही का?

मातीपरीक्षक : ग्लायफोसेट या तणनाशकाला धरतं, आणि घट्ट. त्याच्या रेणूतला फॉस्फोनेट (स्फुरद असलेला) गट लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर बसतो. फॉस्फेट त्याच जागांसाठी भांडतं, त्यामुळे स्फुरदयुक्त खत जास्त झालं की धरण्याची ताकद घटते. इमिडाक्लोप्रिडवर त्या मातीत विद्युतभार नसतो, लोहाचा त्याला फारसा उपयोग नाही.

भूजलवाला : शिवाय कातळाच्या भेगा. जुलैच्या धारेत पाणी तिथून धावत खाली जातं, कणाला टेकायला वेळच मिळत नाही. त्याला ‘पाझरणं’ म्हणू नका, ‘भेगेतून उतरणं’ म्हणा. तिथे वरचा हिशेब लागू नाही.

मातीपरीक्षक : गुणांक मोजून घेणार असाल तर : 2 मिमी चाळणीची 10 ग्रॅम माती, औषध मिसळलेलं 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइडचं 50 मिली द्रावण, 24 तास हलवणं, मग द्रावणात उरलेलं औषध मोजणं; घटलेलं ते मातीवरचं. जांभ्याचे खडे कुटून चाळणीत बसवू नका. नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि आकडा फुगतो. माती न घातलेली एक बाटली सोबत ठेवा, नाहीतर काचेला चिकटलेलं औषधही मातीच्या खात्यात जमा होईल.