मदत हवी आहे: कापसाच्या आयात शुल्काबाबत लहान कारखानदारांनी म्हणणं कुठे मांडायचं?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कापूस आम्ही आयात करत नाही. सूत व्यापाऱ्याकडून घेतो. पण कापसावरच्या शुल्काचा परिणाम सुताच्या भावातून आमच्यापर्यंत येतोच. फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के शुल्क लागलं, २०२२ मध्ये काही महिने माफ झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा माफ. दर वेळी आम्हाला कळलं ते अधिसूचना निघाल्यावरच. कापूस उत्पादक शेतकऱ्यांचा माफीला विरोध आहे आणि तो मला रास्त वाटतो, म्हणूनच आधी सगळ्यांना विचारायला हवं.

अँटी-डम्पिंगच्या (म्हणजे परदेशातून अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावर लावायच्या जादा शुल्काच्या) चौकशीत वाट स्पष्ट आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ६ नुसार माल वापरणारे उद्योग माहिती देऊ शकतात, आणि वस्तू किरकोळीत विकली जात असेल तर ग्राहक संघटनासुद्धा. साध्या सीमाशुल्काला मात्र तशी सक्तीची तरतूद मला सापडली नाही. सीएंना विचारलं, त्यांचं काम जीएसटीपुरतं. खासदारांच्या कार्यालयात निवेदन दिलंय, उत्तर नाही.

जीएसटी नोंदणी आणि सूतखरेदीची जुनी बिलं आहेत. वकिलाचा खर्च झेपणार नाही. अर्थसंकल्पापूर्वीच्या सूचना मोठ्या संघटनांमार्फत जातात, हे माहीत आहे.

ज्यांनी स्वतः असं निवेदन दिलंय त्यांनी सांगावं: ते अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे द्यायचं की वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे? आणि सुताच्या बिलांखेरीज कोणता पुरावा जोडला तर ते खरंच वाचलं जातं?