घट्ट ओढलेला हँडब्रेक काही वेळाने आपोआप सुटतो का?

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून आम्ही मेहुण्यांच्या गाडीने वाईला नातेवाइकांकडे पोहोचलो. मेहुण्यांनी उताराच्या गल्लीत गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला आणि ती जागची हलत नाही याची खात्री करूनच ते आत आले. आमचा चहा संपत आला असताना गाडी सुटली. इंजिन बंद असल्यामुळे टायरखाली खडी करकरली, तेवढीच काय ती चाहूल. शेजारचे एक गृहस्थ बॉनेटला हात लावून तिला थोपवायला धावले, पण पाय घसरून बाजूला पडले म्हणूनच वाचले. गाडी ज्या ओट्यावर आदळली, त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन मुले बसलेली होती. गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत आणि गॅरेजमध्ये तपासणी केल्यावर केबलमध्ये काहीही दोष आढळला नाही. मग आधी धरलेला ब्रेक नंतर सुटला कसा?

जुना मेकॅनिक:
‘मागेही डिस्क’ या तपशिलातच बहुधा उत्तर आहे. घाटभर ब्रेक दाबत उतरल्यावर चाकासोबत फिरणारी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड चांगलेच तापून प्रसरण पावतात. त्या अवस्थेत हँडब्रेक ओढला की पकड पक्की वाटते. परंतु थंड होताना डिस्क आकसते, केबल मात्र ओढली तेवढीच राहते आणि पकड ढिली पडत जाते. ड्रम ब्रेकमध्ये उलट घडते, कारण तापून फुगलेला ड्रम थंड होताना त्याला आतून दाबणाऱ्या शूजवर आवळला जातो. काही इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा घट्ट होतात, केबलच्या हँडब्रेकला ती सोय नसते.

म्हणून गाडीचे तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स आणि चढाकडे असेल तर पहिला गिअर टाकूनच गाडी सोडावी. अर्थात गिअर म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेचा आधार. तीव्र उतारावर ती हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते आणि गाडी हिसके देत सरकू शकते. तेव्हा चाकाखाली दगड हवाच, आणि उतारावर पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवलेली हवीत. त्या गृहस्थांना मात्र कोणीतरी समजावून सांगावे. हजार-बाराशे किलोची गाडी एकदा चालू लागली की ती माणसाच्या हातांनी थांबत नाही.

विद्युतगती:
इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसल्यामुळे गिअरचा हा आधारही मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’वर गिअरबॉक्सच्या आत एक लहानसा खटका दात्यात अडकतो आणि गाडीचा सारा भार त्याच्यावर येतो, त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक ओढावा आणि मग ‘पी’ टाकावा. अनेक एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्यांना तर ‘पी’ नसतोच.

रुळावरचा:
हवेच्या ब्रेकबद्दलही थोडे सांगतो. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतील कठुआ स्थानकात उभी असलेली खडीची मालगाडी चालकाविना उतारावरून सुटली आणि पंजाबातील उची बस्सीजवळ थांबवली जाईपर्यंत सत्तर किलोमीटरहून अधिक धावली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. डब्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर लागतात आणि बराच वेळ उभ्या गाडीतला दाब गळून जातो, म्हणूनच हँडब्रेक, साखळ्या आणि चाकांखालची पाचर आवश्यक असते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पार्किंग ब्रेकची रचना याच्या नेमकी उलट आहे: हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळला जातो.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. डिस्क थंड झाल्यावर काय होते, हे गॅरेजमध्ये कोणीच तपासले नव्हते. मेहुण्यांच्या डिकीत आता लाकडाचे दोन ठोकळे आहेत. शेजारच्या काकांना आपला निरोप दिला. पुढच्या वेळीही आपण धावणारच, असे त्यांचे म्हणणे आहे.