मागून धडक आणि वर पोलिसांचं तिकीट (चलन): कोर्टात लढलात का? अनुभव सांगा

निशिगंधा_एनजे
लेकीचा ड्रायव्हिंगच्या परमिटचा (शिकाऊ लायसन्सचा) अभ्यास चालू आहे. काल पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "मागून ठोकलं की चूक मागच्याचीच. एवढं पाठ केलं की झालं ना?" गॅस बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. सगळं परत आठवलं.

न्यू जर्सीतच, सिग्नलला थांबले होते. पुढच्या गाडीपासून व्यवस्थित अंतर. मागून पिकअप आला आणि मला ढकलत पुढच्या गाडीवर नेऊन आदळलं. पोलीस आला तेव्हा तिन्ही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. पिकअपवाला म्हणाला, ही आधीच पुढच्याला धडकली होती. झालं, मला 'फॉलोइंग टू क्लोज'चं, म्हणजे पुढच्या गाडीला फार चिकटून चालवल्याचं तिकीट. इथे त्याचे लायसन्सवर ५ दंडाचे पॉइंट.

सगळे म्हणत होते, भरून टाक. भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि मी काही केलंच नव्हतं! नॉट गिल्टी कळवलं. प्रॉसिक्युटरने (सरकारी वकिलाने) त्याऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग'चा गुन्हा कबूल करा म्हणून सुचवलं, पॉइंट नाहीत, दंड आणि वर २५० डॉलर सरचार्ज. नाही म्हटलं.

सगळी केस एका प्रश्नावर फिरली. पुढच्या गाडीतल्या बाईंना धक्के किती बसले? मी आधी धडकले असते तर एक तेव्हा, आणि पिकअपने मला ढकलल्यावर दुसरा. मी थांबलेली असताना ढकलली गेले तर एकच. त्यांना सबपीना (साक्षीचं समन्स) काढून बोलावलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "एकच. पण जोराचा." पोलिसाने धडक स्वतः पाहिलेली नव्हती, पिकअपवाला आलाच नाही. नॉट गिल्टी.

तुमचं काय झालं? हरला असाल तरी लिहा.

मिहीर८२
एक धक्का की दोन! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं.

काठावरचा
कॅलिफोर्निया. फ्रीवेवर एकाने माझ्यासमोर गाडी घुसवली आणि लगेच ब्रेक मारला. मी त्याला धडकलो, तिकीट मला: कलम २२३५०, म्हणजे परिस्थितीच्या मानाने जास्त वेग. इथे लेखी ट्रायल मागता येते, कोर्टात जावं लागत नाही. दंडाची पूर्ण रक्कम आधी भरायची, जिंकलात तर परत. मी फोटो जोडले होते, त्याच्या बंपरचा फक्त डावा कोपरा चेपलेला. सरळ मागून धडकलो असतो तर मार मधोमध असता ना! पैसे परत आले. हरलो असतो तरी निकाल पाठवल्यापासून २० दिवसांत नव्याने ट्रायल मागता आली असती. लंच संपला, बाकी नंतर.

सुमाताई
निशिगंधा, मानेचं काय गं? मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी मान वळेना. सगळे कागदांच्या मागे लागतात, डॉक्टरकडे कोणी जात नाही. आधी डॉक्टर!

निशिगंधा_एनजे
@सुमाताई, फिजिओ बरीच करावी लागली. आता ठीक आहे. विचारलंत, बरं वाटलं.

वकिलीणबाई
न्यू जर्सीवाल्यांसाठी कळकळीने लिहितेय. समजा गिल्टी प्ली (गुन्ह्याची कबुली) द्यायचीच ठरली, तर म्युनिसिपल कोर्टात जजसमोर 'सिव्हिल रिझर्व्हेशन' मागा. मग तीच कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिकीट वेगळं, इन्शुरन्स वेगळा, दिवाणी दावा वेगळा. लोक कोर्टात गिल्टी म्हणून मोकळे होतात आणि नंतर ती कबुली दाव्यात समोर येते. आणि डिस्कव्हरी, म्हणजे समोरच्या बाजूकडचे पुरावे मागा: पोलीस रिपोर्ट, पोलिसाच्या अंगावरच्या बॉडीकॅमचं फुटेज. धडकेनंतर लगेच कोण काय बोललं ते त्यात असतं.

टोरोंटोकर
ओंटारियोत 'केअरलेस'ला (निष्काळजी ड्रायव्हिंगला) ६ पॉइंट, 'फॉलोइंग टू क्लोज'ला ४. मला केअरलेस लावलं होतं, बर्फात घसरून. वाटाघाटीत ४ वाल्यावर आलं. जिंकलो म्हणवत नाही, पण लढलो नसतो तर ६ च होते.

नवीन_व्हर्जिनिया
एच-वन (कामाच्या व्हिसा) वर आहे. मागून धडक, तिकिटावर 'रेकलेस' (बेदरकार ड्रायव्हिंग) लिहिलंय. ऑनलाइन भरू का? झोप नाही दोन रात्री.

वकिलीणबाई
@नवीन_व्हर्जिनिया थांबा! व्हर्जिनियात रेकलेस हा साधा ट्रॅफिक दंड नाही, क्लास १ मिसडिमीनर आहे, म्हणजे फौजदारी नोंद. तिथल्याच वकिलाला आज फोन करा, व्हिसाचंही सांगा. कोर्टाची तारीख मात्र चुकवू नका.

सुमाताई
@नवीन_व्हर्जिनिया घाबरू नकोस रे. जेवलास का?

नवीन_व्हर्जिनिया
हो ताई. वकिलाशी बोललो, उद्या भेटायचंय. खूप आभार दोघींचे.

गोदाकाठ
विषय थोडा वेगळा. सासऱ्यांना असंच तिकीट मिळालं होतं, इंग्रजी बेताचं. कोर्ट दुभाषी देतं, फुकट. मराठीचा मागितला, आला हिंदीचा. बाबा ठामपणे म्हणाले, माझी बाजू मला माझ्या भाषेत मांडायचीय. जजनी तारीख पुढे ढकलली आणि पुढच्या वेळी फोनवर मराठी बाई होत्या. बाबा इतकं सविस्तर बोलले की त्या म्हणाल्या, काका, एकेक वाक्य घ्या! भाषा आधीच लेखी कळवून ठेवा.

मिहीर८२
@गोदाकाठ बाबांना नमस्कार सांगा!
डॅशकॅम (गाडीतला कॅमेरा) कुठला घ्यावा? ही चर्चा वाचून आजच घेतोय.

काठावरचा
कुठलाही घे, पण मागचा कॅमेरा असलेला. निशिगंधाताईंकडे तो असता तर पिकअप येताना स्पष्ट दिसला असता. आणि धडक झाली की लगेच कार्ड काढून ठेव, नाहीतर नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. माझ्या मित्राचं तसंच गेलं.

मिहीर८२
कार्ड किती जीबीचं?

काठावरचा
१२८ पुरे. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं बघ, साधी कार्डं सतत रेकॉर्डिंगने लवकर खराब होतात.